मेडिकल फिट म्हणजे निगेटिव्ह नव्हे

चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी म्हणून लागायचं तर आधी ‘मेडिकल’ होतं. उंची, वजन, डोळे, रक्तदाब, कुठे छातीचा एक्स-रे, कुठे रक्तगट. डॉक्टरांनी ‘फिट’ लिहून दिलं की गेटपास हातात पडतो आणि लातूर, बीड, नांदेडकडून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा निर्धास्त होतो. पुढे एचआयव्हीचा विषय निघालाच, तर महाळुंगे किंवा खराबवाडीच्या कॉट बेसिसच्या खोलीत उत्तर तयार असतं : आपलं मेडिकल झालंय, त्यात सगळं बघतात.

त्यात हे बघत नाहीत. बघायचं म्हटलं तरी गुपचूप बघता येत नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संसदेत संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नीट माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करायची नाही, आणि नोकरीसाठी तिची अट घातली तर तो भेदभाव, असं हा कायदा सांगतो. ‘फिट’चा शेरा मशीनवर उभं राहण्यापुरता असतो. तापात केलेल्या सीबीसीतूनही, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीतूनही, एचआयव्ही कळत नाही. त्याची चाचणी वेगळी असते आणि ती मागावी लागते.

याच गैरसमजाचा जुळा भाऊ म्हणजे रक्तदान. कंपनीत शिबिर लागतं, गणेशोत्सवात मंडळाचं लागतं. ‘रक्त देऊन टाकू, काही असेल तर ते कळवतीलच,’ असा हिशेब काही मुलं मनात करतात. दान केलेल्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी होते, हे खरं. पण संसर्ग झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही. त्या काळात दिलेली पिशवी तपासणीतून सुटली तर ती अपघातात सापडलेल्या किंवा बाळंत होणाऱ्या कुणाला तरी चढते. स्वतःची शंका फेडण्यासाठी रक्तदान करणं म्हणजे ती शंका दुसऱ्याच्या शिरेत सोडणं. शंका असेल तर शिबिरात जाऊ नये, चाचणी केंद्रात जावं.

आणि तिथेच गाडी अडते. हात दाखवून अवलक्षण कशाला? तब्येत ठणठणीत आहे, दोन शिफ्ट सलग मारतो, जिमला जातो, मग कशाला नस्ती आफत? पण एचआयव्हीचा संसर्ग झालेला माणूस आठ-दहा वर्षंसुद्धा अगदी धडधाकट दिसू शकतो. चेहऱ्यावरून, वजनावरून काहीच ओळखता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एचआयव्हीची पुरेशी माहिती असलेले पुरुष देशभरात ३०.७ टक्केच निघाले. बायकांमध्ये हे प्रमाण त्याहून कमी, २१.६ टक्के. ‘पुरेशी’ म्हणजे काही फार नाही : निरोगी दिसणाऱ्यालाही एचआयव्ही असू शकतो, डासाने तो पसरत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, अशा चार-पाच गोष्टी.

माहिती कमी असूनही बायकांची चाचणी मात्र होते, कारण गरोदरपणाच्या तपासण्यांमध्ये ती असते. पुरुषाच्या आयुष्यात असा ठरलेला टप्पाच येत नाही. त्यातून आणखी एक सोयीची समजूत निघते : बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे माझाही तोच. एकाला संसर्ग आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी हजारोंनी आहेत. त्यांच्यावर झालेल्या जगातल्या एका मोठ्या संशोधनाचा धागा तर थेट भोसरी एमआयडीसीत येतो.

राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, ‘नारी’, या नावाने ही संस्था १९९२ साली सुरू झाली. तिची इमारत भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातच आहे. रोज तिच्या आसपासून हजारो कामगार कंपनीच्या बसने जातात. आत काय चालतं, याची त्यातल्या किती जणांना कल्पना असेल कोण जाणे. नव्वदच्या दशकात इथल्या संशोधकांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने ‘हा ट्रकवाल्यांचा आणि वेश्यावस्तीतला रोग’ या समजुतीला तडा दिला. या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्ही होता. त्यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी आलेला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या पुरुषांवरचा निबंध आला. चाचणी आणि समुपदेशनासाठी जे पुरुष पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांचं वेश्यांकडे जाणं कमी झालं आणि कंडोमचा वापर वाढला. समुपदेशन म्हणजे ‘नुसतं लेक्चर’ असं म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर बघावा.

नंतरचं काम त्याहून मोठं. एकाला संसर्ग आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक चाचणीप्रयोग झाला. पुणे हे त्यातलं एक केंद्र होतं. २०११ मध्ये निष्कर्ष आला : उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुढच्या पाठपुराव्यात असंही दिसलं, की औषधाने विषाणू दबलेला असताना जोडीदाराला त्या माणसाकडून लागण झाल्याची नोंदच नाही. ‘पॉझिटिव्ह आलो तर सगळं संपलं, कळून तरी काय करायचं?’ या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. विषाणू दाबून ठेवणारी ही औषधं, म्हणजे एआरटी, भारतात सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पर्यंत रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याखाली जाण्याची वाट बघावी लागे. आता निदान झालं की औषध सुरू. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. गोळ्या नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निगेटिव्ह मुलं होऊ शकतात. विज्ञान इतकं पुढे गेलं, पण खोल्यांमधल्या गप्पा अजून १९९५ सालातच अडकल्या आहेत.

मुळात भीती विषाणूची कमी आणि कुणीतरी बघेल याची जास्त. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे ‘वायसीएम’मध्ये, गावचा कुणी भेटला तर? गोष्ट षट्कर्णी झाली तर? केंद्रात प्रत्यक्ष घडतं ते असं : समुपदेशक दार लावून बोलतात, शेवटचा संबंध कधी आला आणि कंडोम होता का हे विचारतात, संमती घेतात. टेबलावर लाकडी मॉडेल असतं. त्यावर कंडोम कसा चढवायचा ते दाखवताना भलेभले धीट गडी खाली मान घालतात. मग तंत्रज्ञ रक्त घेतो. किटवरची नियंत्रण रेषा उमटते, अर्ध्या तासाच्या आसपास निकाल कळतो. पहिल्या किटने संसर्ग दाखवला तरी तेवढ्यावर ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाहीत. वेगवेगळ्या तत्त्वांच्या एकूण तीन चाचण्या जुळाव्या लागतात. रिपोर्ट त्याच माणसाच्या हातात देतात. भावाच्या नाही, ठेकेदाराच्या तर नाहीच. या गुप्ततेला कायद्यात अपवाद आहेत. त्यातला एक जोडीदाराचा : त्याला किंवा तिला खरा धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक आधी त्या माणसाला सांगून, मग जोडीदाराला समजावू शकतात.

पुरुषांशी संबंध असणारे तरुण तर आणखी धास्तावलेले असतात. खरं उत्तर दिलं तर पोलिसांपर्यंत जाईल, असं त्यांना वाटतं. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. समुपदेशकाला खरं सांगितलं तरच सल्ला नेमका मिळतो.

नोकरीचं काय? इथे महाराष्ट्राचाच दाखला आहे. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी कामगार असलेल्या माणसाला एचआयव्ही असल्याचं वैद्यकीय तपासणीत निघालं आणि त्याचं काम गेलं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. नाव उघड होऊ नये म्हणून निकालात तो ‘एमएक्स’ आणि कंपनी ‘झेडवाय’ राहिली. काम करायला सक्षम आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. चाकणच्या कामगारांपैकी किती जणांना तो कोण हे ठाऊक आहे, हा प्रश्न एचआर विभागांनीच स्वतःला विचारलेला बरा.

कालच्या प्रसंगाची आजच चाचणी करून मोकळं होणारेही असतात. चाचणी संसर्ग पकडायला काही आठवडे घेते, म्हणून समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. आणि प्रसंग खरंच धोक्याचा असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावा लागतो. संसर्ग रोखणारी औषधं तेवढ्यात सुरू झाली तरच उपयोगी, आणि मग ती २८ दिवस घ्यायची.

दोष सगळा पोरांचा नाही. सरकारी केंद्रं बहुतेक सकाळच्या ओपीडीच्या वेळेत उघडी असतात, आणि फर्स्ट शिफ्टवाल्या कंत्राटी कामगाराला तिथे जायचं तर खाडा पडतो, पगार कापला जातो. सेकंड शिफ्टचा आठवडा असेल तर सकाळी जाणं जमतं. १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर पैसे न मोजता जवळचं केंद्र विचारता येतं. काम सुटून गावी परतावं लागलं, तर एआरटी केंद्रातून बदलीचं पत्र घेऊन पुढच्या गोळ्या लातूरला किंवा नांदेडला चालू ठेवता येतात.