धोक्याची भाषा

सांडपाण्याच्या टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा एक दुष्ट गुण आहे. आरंभी सडक्या अंड्यांची घाण येते. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि उतरलेल्या गड्याला वाटते, चला, वायू गेला! तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही वर येत नाही. धावणाऱ्याचे काळीज मोठे असते. पण आधी ओरडावे, खाली उतरू नये, हे त्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेले नसते.

भाषेचा हा आग्रह केवळ मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यातच सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असे कलम होते. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला, तेव्हा तेथील पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि शिक्षणाचा काळ आखडता घेतलेला होता. शीतयंत्र बंद होते हे पुष्कळांना आठवते. पुस्तिकांचे नाव कोणी काढीत नाही. पुढे १९८७ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन सुरक्षिततेची माहिती व शिक्षण मिळण्याचा कामगाराचा हक्क नमूद झाला.

मात्र मराठी अक्षरे म्हणजे कामगाराची भाषा नव्हे! एका कारखान्याच्या पाट्या तपासण्याचे काम मजकडे आले होते. 'अनुज्ञापत्राविना मर्यादित अवकाशात प्रवेश निषिद्ध.' वाचून मीच क्षणभर थबकलो. 'चिठ्ठी मिळाल्याशिवाय टाकीत उतरू नका' एवढेच सांगायचे होते ना? विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहणाऱ्या आमच्या जुन्या माणसांना हे दोन वाक्यांत पटले असते. (आता कंदील नको, वायू पेट घेणारा असला तर तोच घात करील. त्यासाठी मापक यंत्र आहे.)

आणि शिकायचे काय एकट्या कामगाराने? साहेबांचा वर्ग निराळा, कामगारांचा निराळा, अशीच बहुधा रीत. दोघांना शेजारी बसवलेला वर्ग मी एकच पाहिला. तेथे एका मुकादमाने विचारले, "साहेब, चिठ्ठीवर सही व्हायला दोन तास लागतात आणि पंप तर अर्ध्या तासात चालू हवा म्हणता. आम्ही करावं काय?" उत्तर द्यायला व्यवस्थापकांना चहाची सुट्टी मध्ये घ्यावी लागली, पण त्यानंतर सही करणारा माणूस रात्रपाळीलाही हजर राहू लागला.