दात बदलण्याचे वय आणि वऱ्हाडातील शाळकरी मुले

पाचवी ते आठवीच्या काळात दुधाचे उरलेले दात पडून सुळे आणि उपदाढा, म्हणजे सुळे व मोठ्या दाढा यांच्यामधले दात, उगवतात व साधारण बाराव्या वर्षी दुसरी कायमची दाढ येऊन दातांची संख्या २८ होते. जबडा अजून वाढत असल्याने या वयात दात वेडेवाकडे दिसणे स्वाभाविक असते. मात्र त्यावरून चिडवले जाणारे मूल हसणे टाळू लागते, म्हणून त्याला धीर देणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

अकोला व अमरावती जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे भूजल क्षारयुक्त आहे. परंतु खारेपणा आणि फ्लोराइड या भिन्न बाबी असून, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी बालपणी सतत पोटात गेल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात, ज्याला दंत-फ्लोरोसिस म्हणतात. हे डाग अस्वच्छतेचे लक्षण नसल्याने मुलाला दोष देण्याऐवजी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

याच वयात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांच्या मिश्रणाची, ओळख होण्याचा धोका असतो. सुपारीमुळे तोंडातील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळांतील तपासणीत दातांच्या किडीचाही समावेश असल्याने, तेथे आढळलेल्या दोषावर पालकांनी विनाविलंब उपचार करून घेणे अत्यंत आवश्यक आहे.