अर्धा दिवस की चाळीस मिनिटं?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण मेसच्या मावशीसुद्धा हे पान वाचतात आणि टँकबद्दल रोज त्याच विचारतात, म्हणून मराठीतच लिहितेय.

आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधला फिश टँक तुम्ही पाहिलाच असेल. त्यात आता दोन गोल्डफिश आहेत. जूनमध्ये सहा होते. बाकीचे चार आम्ही मारले. मुद्दाम नाही हो, स्वच्छता करून मारले!

झालं असं, की पाणी जरा हिरवट दिसायला लागलं म्हणून एका रविवारी आम्ही तिघींनी कंबर कसली. मासे बादलीत काढले, सगळं पाणी उपसलं, तळातले खडे नळाखाली चोळून चोळून धुतले. फिल्टरचा स्पंज तर कपड्याच्या साबणाने धुतला. मग थेट नळाचं पाणी भरलं. सकाळी नऊला सुरू केलेलं काम एकला संपलं. तिघींचे मिळून बारा तास! टँक नवाकोरा दिसत होता. बुधवारी पहिला मासा वर तरंगताना दिसला, शनिवारपर्यंत चार गेले. वॉर्डन मॅडम म्हणाल्या, "अजून एक मेला तर टँक स्टोअर रूममध्ये."

मग वाचायला घेतलं तेव्हा कळलं की आम्ही घाण नाही, टँकचा अख्खा सफाई विभागच धुऊन टाकला होता. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, आणि तो त्यांच्यासाठी विष आहे. नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे त्यामानाने सौम्य असतं. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते खड्यांवर आणि स्पंजवर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती एका सकाळीत संपवली, वर क्लोरीनचं पाणी ओतलं. क्लोरीन बॅक्टेरियांना मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो.

उरलेलं नायट्रेट मात्र आपोआप जात नाही, त्यासाठीच पाणी बदलायचं. पण किती? अकरावीची भूमितीय श्रेढी आठवा. (मला "जी. पी." आठवते, मराठी शब्द रूममेटने सांगितला.) समजा आठवड्याला नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅम वाढतं आणि नळाच्या पाण्यात ते नाही. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं तर ते वाढत वाढत ४० ला जाऊन थांबतं. दहावा हिस्साच बदललात तर १०० पर्यंत जातं. निम्मं बदललं तर २०, पण मेहनत दुप्पट. म्हणून आम्ही चौथ्या हिश्श्यावर समझोता केला.

आपला टँक ९० × ३० × ४० सेंटिमीटर, म्हणजे १०८ लिटर. चौथा हिस्सा २७ लिटर, म्हणजे हॉस्टेलच्या दोन बादल्या, तोंडापर्यंत न भरता. शनिवारी रात्री दोन बादल्या नळाखाली भरून उघड्या ठेवायच्या, रविवारी रात्रीपर्यंत क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, माशांच्या दुकानात त्यालाच अँटी-क्लोरीन म्हणतात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच टाकायचं.

रविवारी रात्री जेवण झालं की फिल्टरचा प्लग काढायचा (ओल्या हाताने नाही, इलेक्ट्रिकलच्या मुलींना सांगायला नको). काच पुसायला पाच मिनिटं. मग सायफन. नळी पाण्याने भरून घ्यायची, तोंडाने ओढायची नाही, मी एकदा ओढली आणि त्या चवीबद्दल न लिहिलेलंच बरं. फॉर्म्युल्याने बादली छत्तीस सेकंदांत भरायला हवी, प्रत्यक्षात दीड मिनिट लागतं. बाकीचं नळीतलं घर्षण खातं. नळीचं टोक खड्यांमध्ये फिरवलं की साचलेली घाणही निघते. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही! नवं पाणी हात घालून बघायचं, टँकइतकंच कोमट-गार हवं, आणि मगाने हळूहळू ओतायचं. खरा त्रास बादल्या उचलण्याचा, एकीला कठीण, दोघींना सोपं. फरशी पुसून सगळं धरून अडतीस मिनिटं, मी मोबाईलवर वेळ लावून पाहिलीय.

काढलेलं पाणी मावशी कढीपत्त्याच्या कुंडीत घालतात. नायट्रेट म्हणजे झाडाला खतच.

ऑगस्टपासून एकही मासा मेलेला नाही. सहा गोल्डफिश तसेही या टँकला जास्तच होते, तेव्हा नवे आणायचा आग्रह नको. एक अडचण आहे, दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाणार. जी कोणी प्रोजेक्टसाठी इथेच थांबणार असेल तिने कॉमन रूममध्ये येऊन मला भेटावं. नळी कॅरमबोर्डाच्या मागे टांगलेली आहे.