पिंजऱ्यातील राघू : स्वभाव आणि कायदा

ग्रामीण भागात आणि शहरांतील जुन्या वस्त्यांत ओसरीवर टांगलेला पोपटाचा पिंजरा अद्यापही दृष्टीस पडतो. ‘विठू विठू’ म्हणणारा राघू घरातीलच एक होऊन जातो. तो बाळगणे हा अपराध आहे असे सांगितल्यास घरधन्यास आश्चर्य वाटते, कारण गाय, कुत्रा, कोंबडी यांच्याच पंक्तीस त्याने पोपटालाही बसविलेले असते. वस्तुतः माणसाळणे निराळे आणि पाळीव होणे निराळे. कोंबडी शेकडो पिढ्या माणसाच्या सहवासात वाढली. पिंजऱ्यातील राघू मात्र बहुधा झाडाच्या ढोलीतून काढलेले पिल्लू असतो.

कंठवाला पोपट, ज्यास कीर असेही म्हणतात, साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात घरटे करतो. पिल्ले सुमारे सात आठवड्यांनी उडू लागतात. पकडणारे त्यापूर्वीच ती काढून नेतात. हात घालण्यासाठी ढोलीचे तोंड फोडले की पुढील हंगामासाठी ती निकामी होते. नराच्या गळ्यातील गुलाबी-काळा कंठ पूर्ण उमटण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि मादीस तसा ठळक कंठ नसतोच. त्यामुळे पिल्लाकडे बोट दाखवून ‘हा नर, हमखास बोलेल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याचा शब्द किती खरा मानावा, हे उघडच आहे.

पोपट माणसास इतक्या लवकर लळा लावतो, याचे कारण त्याच्या थव्याच्या जीवनात आहे. हा पक्षी एकटा राहत नाही. सायंकाळी शेकडोंच्या संख्येने एकाच झाडावर उतरणे आणि सोबत्यांचे आवाज ऐकून आत्मसात करणे हा त्याचा स्वभाव. पिंजऱ्यात सोबती नसतात, म्हणून तो घरच्या माणसांनाच थवा मानतो व त्यांचे शब्द उचलतो. ज्या बोलण्याचे कौतुक होते, तो संगतीचा शोध असतो. घरची माणसे दिवसभर कामावर गेली म्हणजे असा पक्षी स्वतःचीच पिसे उपटू लागतो. मिरची आणि भिजवलेली डाळ एवढ्यावरच ठेवलेल्या पक्ष्यास जीवनसत्त्वांची उणीव भासते, ती वेगळीच.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ‘शिकार’ या शब्दात पकडणे, अडकविणे आणि अंडी वा घरटी नष्ट करणे हेही येते. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्ये बंदी आली. २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने कंठवाला पोपट अनुसूची २ मध्ये घातला आणि सर्वसाधारण दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेली. कारावासाचीही तरतूद आहे. खांद्यावर लाल डाग असलेला करण पोपट आणि तुईया यांनाही संरक्षण आहे. मकाव, आफ्रिकी करडा पोपट यांसारख्या विदेशी पक्ष्यांसाठी २०२४ चे नोंदणी नियम आहेत. ती बाब स्वतंत्र आहे.

कायद्याची वार्ता कानी आली की काही जण धास्तावून पिंजऱ्याचे दार उघडतात. हेतू कसाही असो, परिणाम बहुधा घातक ठरतो. लहानपणापासून हातून खाल्लेल्या पोपटास अन्न शोधता येत नाही, शिकऱ्याची झेप ओळखता येत नाही, पंख छाटलेले असल्यास उडताही येत नाही. थव्यात सामावून घेतले जाण्यापूर्वीच तो कावळे किंवा मांजर यांच्या तावडीत सापडतो. असा पक्षी वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय. त्यासाठी १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तसेच नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारखी उपचार केंद्रेही आहेत. तेथे त्यास स्वजातीयांसह मोठ्या जाळीघरात ठेवून माणसाची सवय मोडावी लागते. हे काम चार दिवसांत उरकणारे नाही, आणि काही पक्षी कधीच सोडण्याजोगे होत नाहीत.

ग्रामपंचायतींच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. वठलेले झाड रस्त्यास वा घरास धोकादायक नसेल, तर ढोलीसह उभे ठेवावे. तोडणे अटळ असल्यास निदान जानेवारी ते एप्रिल हे महिने टाळावेत.