येळवस आणि घरची माणसे

शाळेला लांब सुट्ट्या दोन. एक दिवाळीची, दुसरी उन्हाळ्याची. हिवाळ्यात लांब सुट्टी नाही. कारखान्याला नाही, दुकानाला तर नाहीच. तरी लातूर जिल्ह्यात भर थंडीत एक दिवस असा येतो, की बाजारपेठा बंद होतात, शहराचे रस्ते ओस पडतात आणि माणसे दिसतात ती शेतात. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेले मुलगे, सासरी गेलेल्या लेकी, शिकायला गेलेली नातवंडे त्या दिवशी घरी येतात. हा दिवस म्हणजे वेळ अमावास्या. आपण बोलताना म्हणतो, येळवस.

काही लोक म्हणतात, दिवाळीला नाही आलास तरी चालेल, पण येळवशीला ये. हे उगीच म्हणत नाहीत. दिवाळी घरात होते, आणि घर आता पुण्यातही असते. येळवस शेतात होते, आणि शेत काही पुण्याला नेता येत नाही.

येळवस मार्गशीर्ष महिन्याच्या अमावास्येला येते. इंग्रजी तारीख मात्र दर वर्षी बदलते. २०२४ साली तर गंमतच झाली. त्या एका सालात येळवस दोनदा आली. एक ११ जानेवारीला, दुसरी ३० डिसेंबरला. असे का व्हावे? चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस होतात ३५४. आपल्या इंग्रजी सालाचे दिवस ३६५. म्हणून सण दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो फार सरकू नये म्हणून सुमारे तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरतात. त्यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतो. २०२३ साली श्रावण असा दोनदा आला, म्हणून पुढची येळवस एकदम जानेवारीत गेली.

आता भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. डिसेंबर आणि जानेवारी ही दोन पाने पाहा. ‘मार्गशीर्ष वद्य’ असे जिथे लिहिले आहे तिथे बोट ठेवा आणि पुढे चला. वद्य १३, वद्य १४, आणि मग १५ नाही, ३० असेल. पंचांगात अमावास्येला ३० लिहितात. सापडली येळवस. ही तारीख महिनाभर आधी मुलाला कळवावी. रजा आयत्या वेळी मिळत नाही आणि गाडीत जागाही मिळत नाही. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी देतात, पण ती सुट्टी जिल्ह्यापुरती. पुण्याच्या मालकाला येळवस काय ठाऊक!

हा सण मुख्यतः लातूर, धाराशिव आणि नांदेडचा काही भाग या बाजूलाच का? बाकी बहुतेक महाराष्ट्रात का नाही? याचे उत्तर सीमेपलीकडे आहे. बिदर, कलबुर्गी, विजापूर या कानडी मुलखात हाच सण आहे. तिथे त्याला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. ‘येळवस’ हा शब्द त्यातूनच आला असे मानतात. कुणी एळु म्हणजे सात असा अर्थ घेऊन सातवी अमावास्या असेही सांगतात. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला. जिल्ह्याच्या रेषा नंतर आल्या. त्याआधी दोन्हीकडची माणसे एकाच बाजाराला जात होती, एकमेकांच्या मुली करत होती. शेतात आंबील शिंपताना आपण जी आरोळी देतो, तिचे शब्दही कानडी वळणाचे आहेत. आरोळी देणाऱ्या पुष्कळांना त्यांचा अर्थ सांगता येत नाही. आरोळी मात्र जोरात देतात.

मार्गशीर्षातच हा सण का, ते शेत पाहिले की कळते. आपली जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. पाऊस संपता संपता रब्बी ज्वारी पेरतात. मग पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर पीक वाढते. मार्गशीर्ष संपेपर्यंत ज्वारी उंच झालेली असते, हरभरा घाट्याला आलेला, तूर शेंगांनी लगडलेली. पीक हातात आलेले नाही, पण दिसू लागले आहे. काढणीची घाई अजून सुरू झालेली नाही. पेरणी आणि रास यांच्यामधला हा मोकळा वेळ. अशा वेळी उभ्या पिकात जाऊन काळ्या आईची पूजा करायची.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. आत पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव लावतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा होते, मग आंबील घेऊन शेताला फेरी घालतात आणि पिकावर शिंपतात. मग जेवण. जेवणातला मानाचा पदार्थ भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे बरे! तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले सोले, वाटाणा, वाल, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, वांगी, गाजर, जे त्या वेळी रानात असेल ते सगळे एकत्र शिजवायचे, चिंचेचा कोळ घालायचा आणि बेसन लावून दाट करायचे. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, तिळाची पोळी. आणि वर आंबील, हवी तेवढी.

आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आणि ताक. त्यात लसूण, जिरे, मिरची. ती आंबट असते, म्हणून मातीच्या भांड्यात ठेवावी. स्टीलचेही चालेल. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात आंबील मुळीच ठेवू नये. आंबटामुळे तांबे सुटून आंबिलीत उतरते आणि पोट ढवळते, उलट्या होतात. जुन्या बायका नवे मडके आणत, ते शहाणपणच होते.

हे सगळे करते कोण? घरातल्या बाया. आदल्या दिवशी सोलणे, निवडणे, दळणे, आणि रात्री चूल विझत नाही. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन शेताची वाट. पुण्याहून आलेला मुलगा रात्री गाडीतून उतरतो आणि झोपतो. त्याला झोपू द्यावे, प्रवास लांबचा असतो. पण दुपारपासून शेंगा सोलायला बसायला हरकत काय? शेंगा सोलताना जेवढ्या गोष्टी निघतात तेवढ्या फोनवर निघत नाहीत.

येळवशीची रीत अशी, की शेतावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि जेवू घालायचे. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. गावी शेत नसलेले शहरातले नोकरदारही कुणा मित्राच्या शेतात पानावर बसतात. रीत चांगली आहे. मात्र ती पूर्वी सर्वांना सारखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी त्या रानात वर्षभर राबायचे, त्यांतल्याच काहींना लांब बसवून वरून वाढत. आज ज्या शेतात सगळे एका पंगतीत बसतात तिथली येळवस खरी. ज्या शेतात अजून बसत नाहीत, तिथे पांडव मांडून काय उपयोग?

नांदेडकडे याच दिवसांत आणखी एक ओढ असते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी जत्रा भरते. मार्गशीर्ष वद्य १४ ला, म्हणजे येळवशीच्या आदल्या दिवशी, ती सुरू होते. घोडे, गाढवे, उंट यांचा तिथे बाजार असतो. काही घरी अर्धी माणसे जत्रेत आणि अर्धी शेतात, अशी ओढाताण होते.

पण सगळ्यांनाच येता येत नाही. कंधार, मुखेड, अहमदपूर या भागांतली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. येळवस नेमकी त्याच्या मध्यावर. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस कोयता थांबला तर मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळेच. मग नवरा-बायको उसाच्या फडात आणि म्हातारी नातवंडांना घेऊन गावात, अशी ती येळवस होते. अशा घरच्या पोरांना आपल्या शेतात बोलवावे. त्यांच्याकडे निरोप यायची वाट पाहू नये, आपण जाऊन आणावे.

आणि शेतात काहीच नसते तेव्हा? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याआधीच्या हिवाळ्यात पुष्कळ रानांत रब्बी उगवलीच नव्हती. पांडव मांडायचे ते कोरड्या ढेकळांत. आता पाऊस असला तरी शेत बदलले आहे. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा. ज्वारी कमी झाली, तसा कडबाही कमी झाला. कोपीसाठी पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात. काही जण साडी किंवा कापड बांधून कोप करतात. पांडवांना त्याचे काही वाटत नसावे.

संध्याकाळी पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात आणि माणसे घराकडे वळतात. भज्जी नेहमीच उरते. रात्रीच्या थंडीत ती घट्ट होते, आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर तेल टाकून गरम केली की आदल्या दिवसाहून चवदार लागते. पुण्याच्या गाडीत बसणाऱ्याच्या डब्यात तीच असते. आई डबा बांधून देते आणि विचारते, “पुढची येळवस कोणत्या तारखेला रे?” कॅलेंडर वाचता येऊ लागले असेल, तर ती तारीख तीच त्याला सांगते.