काट्याला जोडलेल्या नऊ पिना

दिवाळीच्या आगेमागे उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते आणि साखर कारखान्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गव्हाणीकडे जाण्याआधी प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल भाराने किंचित दबतात, त्यांतून येणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्टने बदलतो, केबिनमधला इंडिकेटर त्याचे किलो करतो आणि आकडा कॉम्प्युटरकडे धाडतो. इंडिकेटर आणि कॉम्प्युटर यांच्यातलं हे चार हातांचं अंतर आजही अनेक काट्यांवर आरएस-232 या मानकाची सिरीयल केबल पार करते. हे मानक अमेरिकेत 1960 साली ठरलं. पहिला व्यावसायिक मायक्रोप्रोसेसर बाजारात यायला तेव्हा अजून 11 वर्षं होती.

काटा कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. धुळीने आणि विजेच्या चढउताराने केबिनमधला कॉम्प्युटर जातो, नवा येतो, आणि त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचं ते सॉकेटच नसतं. ‘आता हे पोर्ट येत नाही’ असं दुकानदार सांगतो. अनेकदा ते खरं नसतं. कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या खालच्या कडेला पाहावं. ग्राफिक्स कार्डाच्या लांबलचक स्लॉटपलीकडे पाच आणि चार अशा दोन ओळींत नऊ बारीक पिना उभ्या दिसतात, दहावीची जागा रिकामी असते आणि शेजारी ‘कॉम’ ही अक्षरं छापलेली असतात. मागून गेलेलं पोर्ट पोटात शिल्लक आहे.

या पिनांचा माग आत काढत गेलं की बोर्डावरच्या सुपर आय-ओ नावाच्या चिपपाशी पोचतो. विंडोजला तिथला पहिला सिरीयल पोर्ट आजही 3एफ8 या पत्त्यावर सापडतो. हा पत्ता आयबीएमच्या 1981 सालच्या पीसीचा आहे.

12 ऑगस्ट 1981 रोजी जाहीर झालेल्या त्या पीसीत कार्डं बसवायला पाच स्लॉट होते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आयबीएमने सर्किटचे नकाशे छापून विकले. त्यामुळे कोणालाही त्या स्लॉटसाठी कार्ड बनवता आलं आणि पुढे तसाच अख्खा कॉम्प्युटरही. 1984 साली स्लॉट 16 बिटांचा झाला. पुढे त्याला आयएसए हे नाव मिळालं, तेही प्रतिस्पर्ध्यांनी दिलेलं. 1987 साली आयबीएमने पीएस-2 मालिकेत मायक्रो चॅनल हा नवा स्लॉट आणला. तो आयएसएपेक्षा सरस होता, यात वाद नाही. पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि इतरांना तो वापरायचा तर परवान्याचे पैसे मोजावे लागणार होते. कॉम्पॅक, एचपी, एप्सन यांच्यासह नऊ कंपन्या 1988 साली एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डं सामावून घेणारा स्वतःचा स्लॉट जाहीर केला. मायक्रो चॅनल संपला. त्या मालिकेची आठवण म्हणून कीबोर्ड-माउसचं सहा पिनांचं गोल सॉकेट तेवढं उरलं, आणि ते अनेक नव्या बोर्डांवर अजूनही आहे.

या हकिगतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की वेग हरला आणि जुन्या वस्तूची सोय जिंकली. पुढे आलेल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवली. 1992 सालच्या पीसीआय स्लॉटची जागा 2003 सालच्या पीसीआय एक्स्प्रेस मानकाने घेतली तेव्हा स्लॉटचा आकार आणि विजेची भाषा पार बदलली, पण कार्ड ओळखण्याची पद्धत जुनीच ठेवली. आयएसएचे लांब काळे स्लॉट 2000 सालाच्या सुमारास दिसेनासे झाले. मात्र इंटेलने 1998 सालीच त्यांचं काम एलपीसी नावाच्या जोडणीच्या अवघ्या सात आवश्यक तारांवर उतरवलं होतं. सुपर आय-ओ चिप वर्षानुवर्षं याच तारांवर लटकत आली. अलीकडच्या बोर्डांवर ईएसपीआय ही आणखी नवी जोडणी आहे, पण पत्ता तोच.

सिरीयल जोडणी इतकी साधी की तीन वायरी पुरतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची. 9600 च्या वेगाने सेकंदाला 960 अक्षरं जातात. काट्याच्या आकड्याला त्यातली दहा-पंधरा लागतात. ओळ गप्प असते तेव्हा तिच्यावर ऋण दाब स्थिर असतो, म्हणून पिन दोन आणि पाचवर मल्टीमीटर धरला की इंडिकेटर जिवंत आहे की नाही ते गावातल्या इलेक्ट्रिशियनलाही कळतं. दुरुस्तीची ही ताकद मी फार मोठी मानतो.

दुकानदार सुचवतो तो उपाय म्हणजे यूएसबीला लावायचा अडॅप्टर. यूएसबीचं पहिलं मानक 1996 साली आलं. ते घडवणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते, आणि त्या मानकाने सामान्य माणसाचं कॉम्प्युटरशी नातं सोपं केलं हे निर्विवाद आहे. काट्यावर मात्र अडॅप्टर त्रास देतो. तो दुसऱ्या खाचेत खोचला की कॉम-3 चा कॉम-7 होऊ शकतो, आणि वजनाचं सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत बसतं. शिवाय मध्ये ड्रायव्हर आला. 2014 साली एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने विंडोज अपडेटमधून येऊन नकली चिपांची ओळख पुसली आणि ते अडॅप्टर बंद पडले. आपल्या हाती नकली चिप आली आहे, हे अनेक ग्राहकांना तेव्हाच कळलं. काटामारीची शंका शेतकऱ्याच्या मनात आधीच असते. तिथे काट्याचा आकडा मध्येच थिजणं परवडत नाही.

म्हणून काट्यासाठी बोर्ड घेताना आधी मॅन्युअलमध्ये कॉमच्या पिना शोधाव्यात. मागच्या खाचेत बसणारी सॉकेटची पट्टी वेगळी मिळते. ती घेताना एक जपावं: तिच्या रिबन केबलची जोडणी दोन प्रकारची असते, दोन्ही पट्ट्या दिसतात एकसारख्या, आणि चुकीची लावली तर आकडा येतच नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमधला पिनांचा क्रम मल्टीमीटरने पट्टीशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

मग केबल जोडायची. बाहेर भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, पडद्यावरचा आकडा थोडा हलून स्थिरावतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची सुई कार्बनसकट कागदावर आपटू लागते आणि पावतीची एक प्रत खिडकीतून शेतकऱ्याच्या हातात जाते.