भाट्ये येथील माड आणि १९७२ साल

रत्नागिरी शहरातून खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये गाव लागते. तेथे समुद्राजवळ माडांची मोठी बाग आहे. हे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र होय. ते १९५५ साली सुरू झाले. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. आपण उर्दूत ज्याला जामिया म्हणतो, तेच विद्यापीठ. कृषी विद्यापीठात शेतीचे शिक्षण व संशोधन चालते.

दापोलीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. त्या वर्षी जगात काय घडत होते? जूनमध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. जुलैमध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात सिमला करार झाला. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले आणि तेथील सुमारे ११० किलो दगडमाती घेऊन परतले.

त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस पडला नाही. भीषण दुष्काळ, म्हणजे कहत, पडला. शेतकरी आणि मजूर पोटासाठी खडी फोडू लागले. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर अनेकांनी दिवस काढले. शेतीचे ज्ञान किती गरजेचे आहे, हे साऱ्यांना कळून चुकले.

पण कोकणासाठी वेगळे विद्यापीठ कशाला? त्या काळी गव्हाच्या नव्या बियाण्यांनी पंजाबची कोठारे भरली होती. कोकणात मात्र भात, आंबा, काजू आणि नारळ पिकतो. येथे पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरचे पाणी समुद्राला जाते. पंजाबचे उत्तर येथे कसे चालेल?

नारळाचेच पाहा. रोप लावल्यावर फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. रोप वाईट निघाले, तर तेवढ्या वर्षांची मेहनत वाया जाते. गरीब शेतकऱ्याला हे परवडत नाही. म्हणून ही परीक्षा संशोधन केंद्र स्वतः घेते. भाट्ये येथे निवडलेली ‘प्रताप’ ही नारळाची जात अशाच धीराच्या कामाचे फळ आहे.

मित्रांनो, तुमच्या घरामागे माड असेल, तर त्याचे रोप कोठून आणले होते, हे वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.